एकसष्टीचं पुस्तक आणि सत्तर हजारांची उधारी: सोलापुरातल्या एका मुक्त लेखकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ सालातलं. ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि संस्थांची नावं गाळली आहेत, रकमाही थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. हिशेबाचं गणित मात्र तसंच ठेवलं आहे. मी सोलापुरात छोट्या व्यावसायिकांची विवरणपत्रं आणि हिशेब पाहतो. यंत्रमागवाले, टॉवेलचे छोटे कारखानदार, किराणा दुकानदार असे पक्षकार जास्त. लेखक क्वचित येतो, आणि येतो तेव्हा गळ्यापर्यंत पाणी आलेलं असतं.

हा लेखक चाळिशीच्या आतला. एका दैनिकाच्या इथल्या कार्यालयात उपसंपादक होता. २०२० च्या कपातीत नोकरी गेली. जुळे सोलापूर भागात वडिलांनी बांधलेलं घर आहे, त्यामुळे भाडं नाही. बायको एका खासगी प्राथमिक शाळेत शिक्षिका, पगार १२ हजार. मुलगा तिसरीत.

लिहिणाऱ्याला सोलापुरात काम मिळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं गाव नीट पाहिलेलं नाही. चादर-टॉवेलवाल्यांना कॅटलॉग आणि वेबसाइटचा मजकूर लागतो, पतसंस्थांना वार्षिक अहवाल, कॉलेजांना नॅकच्या मूल्यांकनाचे कागद, मंडळांना स्मरणिका, पुढाऱ्यांना भाषणं आणि गौरवग्रंथ. नाव त्यांचं, लेखणी दुसऱ्याची. अडचण येते ती पैशाचं बोलणं निघालं की. "चार पानंच तर लिहायचीत" हे वाक्य छापखानेवाल्याला, मांडववाल्याला, केटरिंगवाल्याला कुणी ऐकवत नाही.

अडचण

लेखक आला तो टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापून भरलेला कर) परत मिळेल का, हे विचारायला. सोबत बँकेचं पासबुक होतं, बिलं नव्हती. बिलं कुठायत विचारल्यावर त्यानं मोबाइल पुढं केला. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. वर्षभराच्या गप्पांतून रकमा निवडून कागदावर मांडायला दुपार गेली, पण चित्र स्वच्छ झालं.

२०२४-२५ मध्ये त्यानं एकूण ३ लाख ७२ हजारांचं काम केलं होतं. पुण्यातल्या एका भाषांतर एजन्सीचं १ लाख ६८ हजार (शब्दाला ७० पैसे दरानं, महिन्याला साधारण २० हजार शब्द). टॉवेल निर्यातदाराचं ३६ हजार. एका यूट्यूब चॅनेलच्या ३६ संहिता, प्रत्येकी दीड हजार, म्हणजे ५४ हजार. दिवाळी अंक आणि सदरलेखन मिळून २४ हजार. आणि एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचं आत्मचरित्र, ठरलेली रक्कम ९० हजार.

"महिन्याला एकतीस हजार कमवतो सर मी," तो म्हणाला, आणि भागाकार बरोबर होता. पण खात्यात आलेले पैसे मोजले तर महिन्याला १९ हजारांच्या आसपास भरत होते. फरक कुठं गेला? १७ हजार ६०० रुपये टीडीएसमध्ये अडकले होते, एजन्सी आणि निर्यातदार मिळून. उरलेले १ लाख २५ हजार लोकांकडे येणं. एजन्सीकडे २८ हजार, यूट्यूबवाल्याकडे १८, दिवाळी अंकवाल्यांकडे ९ आणि अध्यक्षांकडे ७०.

म्हणजे तिसरा हिस्सा उधार. आणि ही उधारी भागवायला तो स्वतः उधार घेत होता: लॅपटॉप क्रेडिट कार्डावर घेतला होता आणि दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होता. कार्डाची थकबाकी ४१ हजार. महिना साडेतीन टक्क्यांनी १,४३५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,७०० रुपये. एजन्सीच्या दरानं हे चोवीसशे शब्द होतात. दर महिन्याला एक पूर्ण दिवस तो बँकेसाठी भाषांतर करत होता, फुकट.

याच तंगीत त्यानं टेलिग्रामवरच्या एका 'टायपिंगच्या कामा'साठी ४,८०० रुपये अनामत भरली होती. काम चुकीचं ठरवून वर करारभंगाची वकिली नोटीस आली. घाबरून त्यानं कुणाला सांगितलंच नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला असता, तर पैसे पुढं सरकण्याआधी गोठवले जाण्याची काही शक्यता होती. महिने उलटल्यावर केलेली तक्रार नोंदीपुरती उरते. ती त्यानं केली, पैसे गेले ते गेलेच.

गुंता अध्यक्षांचा

सत्तर हजारांवर थोडं थांबायला हवं, कारण बाकीचं सगळं या एका येण्याभोवती फिरलं.

अध्यक्षांची एकसष्टी सप्टेंबरअखेर. चाहत्यांनी गौरव समिती काढलेली. पुस्तकाचं बोलणं फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं होतं, तेही अध्यक्षांच्या स्वतःच्या नंबरवरून: लेखनाचे ९० हजार, २० आधी, बाकी पुस्तक झाल्यावर. वीस आले. लेखकानं पंधरा-वीस बैठका मारून मुलाखती घेतल्या, १४ प्रकरणं लिहिली, त्यातली नऊ वर्ड फाइलमध्ये पाठवलीही. मग पैशाचा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, समिती देईल. समितीचे खजिनदार म्हणाले, साहेबांचं पुस्तक आहे, साहेबच देतील. समितीची कुठं नोंदणी नाही, बँक खातं खजिनदारांच्या नावावर. "तीन महिने झाले, आज-उद्या म्हणून नुसतं फिरवलालेत," लेखक म्हणाला.

मग मागून टाक ना जोर लावून, असं कुणीही म्हणेल. पण लेखकाची बायको ज्या शाळेत शिकवते, त्या शिक्षण संस्थेवर हेच अध्यक्ष संचालक आहेत. तिची नेमणूक कायम नाही, दर जूनला नवं पत्र मिळतं. हे मला पहिल्या भेटीत कळलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत बायको सोबत आली तेव्हा तीच बोलली.

जुलैमध्ये अध्यक्षांकडून तोडगा आला. सत्तर हजार रोख देण्याऐवजी पतसंस्थेत त्याच्या नावे ७० हजारांची ठेव पावती करून देतो, दोन वर्षं, दहा टक्के व्याज. लेखक जवळजवळ हो म्हणून आला होता. बँकेपेक्षा व्याज जास्त, शिवाय साहेबांचा मान राहतो.

कोणते पर्याय होते

ठेव पावती घ्यायची नाही, यावर मी अडून बसलो. दोन कारणं. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून वाढली. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात आणि बुडाल्या तर ठेवीदार रांगेत उभा राहतो. आपल्याकडे दोन्हींच्या पाट्या शेजारी शेजारी असतात, व्याजाचा आकडा मोठ्या अक्षरांत, आणि हा फरक ठेवीदाराला कुणी समजावून सांगत नाही. दुसरं कारण त्याहून साधं: पैसे भरल्याशिवाय पावती निघाली तर ती नोंदच खोटी. अध्यक्षांच्या खासगी पुस्तकाचा खर्च सभासदांच्या पैशातून, आणि त्या कागदावर नाव आमच्या लेखकाचं. लेखापरीक्षणात विषय निघाला की पहिलं बोलावणं त्यालाच.

दुसरा पर्याय कायद्याचा. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे लहान पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. तक्रार ऑनलाइन, अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. सेवा देणाऱ्यालाही हे लागू आहे, म्हणजे लेखकालाही. पण त्याची उद्यम नोंदणीच (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नव्हती. काम संपल्यावर नोंदणी करून जुन्या कामासाठी परिषदेत गेलं, तर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथंच घेतो. राहिला दिवाणी दावा. मुदत तीन वर्षांची, म्हणजे वेळ होता. पण सत्तर हजारांसाठी वकील, तारखा, आणि जूनमध्ये बायकोच्या हातात नेमणुकीचं पत्र येईल का ही धास्ती.

तिसरा पर्याय त्याच्या लक्षातच आला नव्हता, आणि माझ्या मते खरी ताकद तिथं होती. स्वामित्व हक्क (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेला लेखक जे लिहितो, त्याचा पहिला मालक तोच असतो. हक्क दुसऱ्याकडे जायला सही केलेला कागद लागतो, तोंडी हस्तांतरण चालत नाही. इथं असा कागद झालेलाच नव्हता. म्हणजे अध्यक्षांच्या हातात नऊ प्रकरणं असली, तरी ती छापायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता, आणि शेवटची पाच प्रकरणं अजून लेखकाच्या लॅपटॉपमध्ये होती. एकसष्टीची तारीख ठरलेली. छापखान्याला तीन आठवडे तरी हवेत. वेळ लेखकाच्या बाजूनं होता; तो उलट आपल्यालाच घाई आहे असं समजून वागत होता.

सगळं सोडून द्यायचं, हा चौथा पर्याय बायकोनं मांडला आणि तो तिनं रडगाणं म्हणून मांडला नव्हता. माझे बारा हजार महिन्याला येतात, बारा महिने येतात, ती म्हणाली. सत्तर हजार एकदाच यायचेत. हे गणित चुकीचं नव्हतं.

काय केलं

आधी कागद. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण निर्यात करून दोन ठिकाणी ठेवलं, मूळ मोबाइल फॉरमॅट करायचा नाही असं बजावलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाखाली असा पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. मग बिल. बोलणं अध्यक्षांच्या नंबरवरून झालं होतं म्हणून बिल त्यांच्या नावे, प्रत समितीला. क्रमांक, तारीख, पॅन, बँक खातं, आगाऊ मिळालेले २० वजा, बाकी ७०.

बिलासोबतच्या पत्रावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिला मसुदा लेखकानं केला, त्यात चार कलमं आणि 'कायदेशीर कारवाई' होती. ते सगळं काढलं. शेवटी जे गेलं त्याचा गाभा असा:

"आदरणीय साहेब, आपल्या पुस्तकाची उरलेली पाच प्रकरणं तयार आहेत. सोबत बिल जोडलं आहे. रक्कम मिळताच अंतिम संहिता आणि प्रकाशनाचे हक्क लेखी देतो, म्हणजे छापखान्याला वेळ पुरेल. ठेव पावतीबद्दल आपण दाखवलेल्या आपुलकीबद्दल आभारी आहे, पण मला घरखर्चासाठी रक्कम बँक खात्यातच लागेल."

हे पत्र पोस्टानं पाठवायचं की हातात द्यायचं, यावर घरात वाद झाला. बायकोचा आग्रह हातात द्यायचा, तेही खजिनदारांसमोर. ते बरोबर ठरलं. समोरासमोर समितीला आणि साहेबांना एकमेकांकडे बोट दाखवता येईना.

इतर येणी तुलनेनं सरळ होती. उद्यम नोंदणी आधार-पॅनवर, फुकट, बसल्या बैठकीत झाली. नोंदणी करून देतो म्हणून हजार-दीड हजार घेणारे आहेत. ते देऊ नयेत. प्रमाणपत्र एजन्सीला पाठवताच त्यांच्या लेखापालाचा फोन आला, आणि साठ दिवसांची मुदत पंचेचाळीसवर आली. यात उपकार काही नाही. आयकराच्या कलम ४३बी(एच) नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही. याची उलटी बाजूही लेखकाला सांगून ठेवली: काही गिऱ्हाइकं या कटकटीपायी नोंदणीवाल्या छोट्या माणसाकडून काम घेणंच टाळतात.

एजन्सीनं त्याच सुमारास नवीन प्रस्ताव दिला होता. मशीननं केलेलं भाषांतर फक्त तपासून द्यायचं, शब्दाला २५ पैसे. नाही म्हणायच्या आधी त्यानं आठवडाभर घड्याळ लावून दोन्ही कामं केली. स्वतः भाषांतर केलं तर दिवसाला दोन हजार शब्द, १,४०० रुपये. तपासणीत दिवसाला साडेचार हजार शब्द, १,१२५ रुपये. सरकारी परिपत्रकांत मशीन बरी चालते, तिथं वेग दुप्पट झाला. आरोग्य आणि शेतीच्या मजकुरात प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा लिहावं लागत होतं. म्हणून त्यानं तपासणीचं काम परिपत्रकांपुरतं घेतलं आणि बाकीसाठी जुना दर कायम ठेवायला सांगितलं. एजन्सीनं ऐकलं, पण कामाचं प्रमाण थोडं घटलं.

विवरणपत्र मुदतीत भरलं. लेखकाला कलम ४४एडीए (ठरावीक व्यावसायिकांचं उत्पन्न अंदाजानं धरायची सोय) लागू होतं का, यावर आमच्या धंद्यात एकमत नाही. चित्रपटाच्या कथा-पटकथा-संवाद लिहिणारे त्यात येतात, साध्या मजकूर लेखकाचं नाव यादीत नाही. इथं कुठल्याही कलमानं कर शून्यच होता, त्यामुळे १७ हजार ६०० पूर्ण परत मिळाले. त्याच्या आदल्या दोन वर्षांचा टीडीएस मात्र हुकला, कारण उशिरा भरायची मुदतही उलटली होती आणि अद्ययावत विवरणपत्रावर परतावा मागता येत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि 'माहीत नव्हतं' हे कारण सहसा चालत नाही. (कलमांचे हे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, क्रमांकही नवे.)

निष्पत्ती

पत्र दिल्यावर दहा-बारा दिवस काहीच हललं नाही. मग छापखान्यानं समितीकडे संहिता मागितली आणि खजिनदारांचाच फोन आला. तडजोड अशी झाली: ४५ हजार धनादेशानं आत्ता, १५ हजार समारंभात, १० हजार सोडायचे. लेखकानं पाच प्रकरणं दिली आणि हक्काचा कागद करून दिला. त्या कागदात मराठी मुद्रित आवृत्ती, भारतापुरती, असं स्पष्ट लिहिलं. भाषांतराचे हक्क त्याच्याकडेच राहिले. अध्यक्षांचं निम्मं गणगोत कर्नाटकातल्या विजयपूर-इंडीकडचं आहे, हे मुलाखती घेताना त्याच्या लक्षात आलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीला पूर आला. जिल्ह्यातली गावं पाण्यात असताना एकसष्टीचा मांडव घालणं कुणालाच शोभेना, कार्यक्रम पुढं गेला आणि त्याबरोबर पंधरा हजारही. ते दिवाळीनंतर दोन हप्त्यांत आले. बायकोची नोकरी शाबूत आहे. पण पुढचा जून अजून यायचाय.

आलेल्या ४५ हजारांवर घरात मोठी चर्चा झाली. लेखकाला कार्डाचे ४१ हजार एका फटक्यात फेडायचे होते. बायको म्हणत होती, निम्मे हाताशी ठेव. व्याजाचं गणित लेखकाच्या बाजूनं होतं, त्यानं सगळं फेडलं. महिनाभरात मुलाला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात, आणि ११ हजार पुन्हा त्याच कार्डावर.

यूट्यूबवाल्याचे १८ हजार बुडाले, चॅनेलच बंद पडलं. दिवाळी अंकवाल्यांकडून नऊपैकी चार आले.

वेगळं काय करता आलं असतं

नऊ प्रकरणं पैसे न घेता पाठवली, तिथं गाठ सुटली होती. तीन-तीन प्रकरणांचे हप्ते आणि प्रत्येक हप्त्याला रक्कम, असं ठरलं असतं तर शेवटी अडकलेली रक्कम वीस हजारांच्या आत राहिली असती. यूट्यूबच्या बाबतीतही हेच: पहिल्या चोवीस संहितांचे पैसे वेळेवर आले म्हणून पुढच्या बारा त्यानं उधारीवर दिल्या. तीन संहिता थकल्या की चौथी लिहायची नाही, एवढा नियम असता तर तोटा साडेचार हजारांवर थांबला असता.

दहा हजार सोडायला हवे होते का? माझ्या मते हो. बायकोची नोकरी, कन्नड हक्क आणि पुन्हा त्याच गल्लीतून जायचं आहे हे धरलं, तर तडजोड स्वस्तात पडली. माझ्या एका वकील मित्राला हे मुळीच पटत नाही. सोडलेल्या दहा हजारांची बातमी पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते, असं त्याचं म्हणणं.

कार्डाबद्दल बायकोचं ऐकायला हवं होतं. तीस फेडून पंधरा बचत खात्यात ठेवले असते, तर महिन्याला साडेचारशे रुपये व्याज जास्त गेलं असतं, पण दवाखान्यात हात पसरावा लागला नसता. आता परताव्याचे १७ हजार ६०० बायकोच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळ्या खात्यात आहेत, त्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. दोघांचे वर्षाला ४३६ आणि २० रुपयांचे सरकारी विमे (जीवन आणि अपघात) आपापल्या बचत खात्यांतून चालू केले. गल्लीतली तीन हजारांची भिशी तिनं बंद करू दिली नाही. त्या बायकांना मी तुमच्या बँकेपेक्षा जास्त ओळखते, असं मला सुनावलं.

डिसेंबरमध्ये अध्यक्षांच्या पुतण्यानं कन्नड आवृत्तीबद्दल विचारलं. लेखकानं हक्कांचे २५ हजार सांगितले आहेत, निम्मे आधी, आणि करार सही झाल्याशिवाय फाइल नाही. पुतण्या विचार करून सांगतो म्हणालाय.